मावळ ते शिंजुकु : रात्री बाहेर पडणाऱ्यांसाठी माफक मार्गदर्शन

तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या जपानी कंपनीने तुम्हाला दोन वर्षांसाठी टोकियोला धाडायचे ठरवले, की कामशेतपासून वडगावपर्यंतचे समस्त नातेवाईक सूचना घेऊन हजर होतात. लोकरीचे बनियन घे. लोणच्याची बरणी नीट बांध. तिकडे काहीही खातात म्हणे, विचारून खा. आत्या तर भूकंप आला की कुठे उभे राहायचे तेही सांगते. तिचा अनुभव १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा. या सगळ्या सूचना दिवसाच्या असतात. दिवसाची काळजी करू नये. दिवसा काय करायचे ते कंपनी शिकवते, त्याची पुस्तिका देते आणि पुस्तिका वाचली म्हणून सहीही घेते. कचेरी सुटल्यापासून पहाटेची पहिली गाडी सुटेपर्यंतचे मात्र कोणी शिकवत नाही, आणि उमेदवाराची पारख होते ती नेमकी तेव्हाच. ही उणीव दूर करण्याच्या हेतूने प्रस्तुत मार्गदर्शन सिद्ध केले आहे.

पात्रता

पुणेकरांनी वाईट वाटून घेऊ नये, पण या कामी मावळचा माणूस मुळातच निम्मा तयार असतो.

भाताचे पाहा. टोकियोत गेलेला बासमतीवाला पहिल्याच आठवड्यात घरी फोन करून सांगतो की इथला भात गोळा होतो. मावळच्या माणसाला त्यात सांगण्यासारखे काही दिसत नाही. भात गोळा व्हायचाच. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेल्या इंद्रायणीवर ज्याचा पिंड पोसला, त्याला काड्यांनी भात उचलायला एक संध्याकाळ पुरते. मोकळ्या भाताच्या प्रांतातली माणसे सहा महिने शिते वेचत बसतात.

शिवाय जपान तुमच्या घरी केव्हाच येऊन गेला आहे. १९५३ साली देशभर ‘जपानी पद्धतीच्या भातशेती’ची मोहीम निघाली. गादीवाफ्यावर रोपे करा, दोरी धरून ओळीत लावा, ओळीतून हाताचे कोळपे फिरवा, खत मोजून घाला. त्या वेळी दोरीचे एक टोक धरून चिखलात उभे राहिलेले कोणीतरी तुमच्या घरात असेलच. ओळ वाकडी गेली की कोण किती बोलले, हे त्यांना विचारून घ्यावे. टोकियोच्या कचेरीत त्याचा फार उपयोग होतो.

तिसरी पात्रता भुरक्याची. लहानपणी आमटीचा भुरका मारल्याबद्दल ज्यांनी शाळेत डब्याच्या वेळी बोलणी खाल्ली, त्यांनी रामेनच्या दुकानात मान वर करून बसावे. तिथे आवाज न करता शेवया खाणाऱ्याकडेच लोक वळून पाहतात.

पण या सर्वांवर ताण करणारी पात्रता म्हणजे लोणावळा लोकल.

शेवटची गाडी

टोकियोत रात्रभर दिवे जळतात, म्हणून रेल्वेही रात्रभर चालत असेल असे नवख्याला वाटते. चालत नाही. बारा ते एकच्या दरम्यान बहुतेक गाड्या संपतात आणि पहाटे साडेचार-पाचच्या सुमाराला पुन्हा सुरू होतात. २०२१ च्या मार्चात तर जेआर ईस्ट कंपनीने टोकियो परिसरातल्या शेवटच्या गाड्या अर्ध्या तासाच्या आसपास अलीकडे ओढल्या. त्या शहरातला रात्रीचा प्रत्येक पेला, प्रत्येक गाणे आणि बहुतेक सगळी मैत्री या वेळापत्रकाला बांधलेली असते. साहेबाची गोष्ट रंगात आलेली असताना अकरा चाळीसला अर्धे टेबल एकाच वेळी घड्याळाकडे न बघितल्यासारखे बघते. दुचाकीवर वाढलेल्या पुणेकराला यातले काही उमगत नाही. ज्याने शिवाजीनगरच्या जिन्यावरून धावत येऊन शेवटच्या लोणावळा लोकलचा मागचा लाल दिवा पाहिला आहे, त्याला मात्र काही समजावून सांगावे लागत नाही.

तरीही लोणावळेकराने एक सवय मोडून टाकावी. त्याला गाडीत निर्धास्त झोपायची सवय असते, कारण लोकल लोणावळ्याच्या पुढे जात नाही. कोणीतरी खांद्याला हात लावून उठवतोच. टोकियोत तुमचे बिऱ्हाड बहुधा एदोगावा भागातल्या निशी-कासाईला असेल. भारतीयांची तिथे मोठी वस्ती आहे. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्याच एदोगावाच्या सभागृहावर निवडून आले. पण निशी-कासाई हे शेवटचे स्टेशन नव्हे. तोझाई मार्गावर तिथे डोळा लागला, तर जाग येते ती शेजारच्या चिबा प्रांतात, आणि परतीची गाडी पहाटे. या बाबतीत मळवली आणि कान्हेफाटा इथले उमेदवार सरस ठरतात. त्यांचा एक डोळा उघडाच असतो. गाडी कुठे थांबत नाही याचेही ज्ञान त्यांना उपजत असते. तोझाईची जलद गाडी निशी-कासाईला थांबत नाही, हे ऐकून कामशेतकर हळहळत नाही. डेक्कन क्वीनने त्याचे मन केव्हाच घट्ट केलेले आहे.

झोप अगदीच अनावर झाली तर यामानोते मार्गावर झोपावे. तीस स्टेशनांचे ते कडे आहे. तासाभरात माणूस होता तिथे परत येतो.

पेला

कचेरीतल्या माणसांनी मिळून प्यायला जाणे याला नोमिकाई म्हणतात. नोमिकाई ऐच्छिक असते. न येणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही, आणि तो आला नव्हता हे कोणी विसरतही नाही.

आत शिरल्यावर मिळेल त्या जागी बसू नये. दारापासून सर्वांत लांबची जागा सर्वांत मोठ्या साहेबाची. दाराला लागून बसायचे ते तुम्ही, कारण तुम्ही नवे. पदार्थ मागवणे, रिकाम्या बशा कडेला सारणे ही कामे तिथून सोपी जातात. पहिल्यांदा सगळ्यांसाठी बियर मागवली जाते. ती येईपर्यंत न मागवलेली एक वाटी प्रत्येकासमोर येऊन पडते. तीत थोडेसे काहीतरी असते, आणि तिचे तीनशे-पाचशे येन बिलात लागतात. हिला ओतोशी म्हणतात. ‘आम्ही हे मागवले नव्हते’ असे म्हणणारा मराठी माणूस दर वर्षी एखादा तरी निघतो.

स्वतःचा पेला स्वतः भरू नये. शेजाऱ्याचा भरावा, बाटली दोन्ही हातांनी धरून, चिठ्ठी वरच्या अंगाला ठेवून. मग शेजारी तुमचा भरतो. पेल्याला पेला भिडवताना आपल्या पेल्याची कड साहेबाच्या पेल्याच्या कडेपेक्षा खाली असावी. साहेब नम्र असला तर तोही आपला पेला खाली आणतो. मग तुम्ही आणखी खाली. दोघेही भिडस्त असले, तर पेले टेबलाला टेकल्यावरच हा प्रकार थांबतो.

साहेब लाल झाला की जाहीर करतो, आज लहानमोठे कोणी नाही, मनातले बोला. या घोषणेला बुरेइको असे भारदस्त नाव आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नये. ‘आपलंच घर समजा’ हे वाक्य ऐकून यजमानाच्या घरातले कपाट उघडायचे नसते, इतके तारतम्य तुमच्या अंगी असेलच.

माळकरी उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना. गळ्यात तुळशीची माळ आहे म्हणून नोमिकाई चुकवू नये. ऊलोंग नावाचा काळपट चहा बर्फ घालून मागवावा. तो दारूइतकाच गंभीर दिसतो आणि पेले भिडवून ‘काम्पाई’ म्हणताना उठून दिसत नाही. अडचण पिण्याची नाहीच, खाण्याची आहे. ‘मासा नाही ना?’ असे विचारले की दुकानदार प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण माशाचा अर्क हा त्याच्या लेखी मासा नसतो. तो रश्शात असतो, अंड्यात असतो, भाजीतही असतो. जाड धिरड्यासारखे ओकोनोमियाकी समोर येते तेव्हा त्याच्यावर वाळलेल्या माशाच्या, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशा चकत्या पसरलेल्या असतात, आणि खालच्या वाफेने त्या हलत राहतात. वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात. माळकऱ्याला तो पदार्थ अजून जिवंत असल्याचा भास होतो. अशा वेळी मिठातल्या सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा मागवाव्यात आणि सालींचा ढीग आपल्यापुढे वाढत ठेवावा. ढीग मोठा दिसला की ‘काही खात नाहीस’ असे कोणी म्हणत नाही.

दोन तास भरले की सगळे उभे राहतात आणि एकदम एकच टाळी वाजवतात. कार्यक्रम संपला. त्यानंतर सगळे दुकानाबाहेर पदपथावर पंचवीस मिनिटे उभे राहतात. उंबरठ्यावरच्या गप्पांत मुरलेल्या मावळवासीयांना इथे घरच्यासारखे वाटेल. या उभ्या अवस्थेत दुसऱ्या बैठकीचे ठरते. दुसरी बैठक बहुधा कराओकेची. गाणे म्हणावेच लागते आणि मराठी गाणे यंत्रात मिळेल या आशेवर राहू नये. क्यू साकामोतो यांचे १९६१ सालचे ‘उए ओ मुइते आरुकोओ’ तेवढे पाठ करून जावे. ते जपानबाहेर इतके गाजले की १९६३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते. तुम्ही ते म्हणू लागलात की साहेबाचे डोळे पाणावतात, आणि पाणावलेल्या डोळ्यांना तुमचा सूर दिसत नाही.

रस्ता

शिंजुकुच्या काबुकिचो भागात गेलात तर दर दहा पावलांवर एक गोड बोलणारा तरुण भेटतो. जागा बघा, स्वस्तात आहे, बघायला काय जाते. त्याच रस्त्यावर ध्वनिक्षेपकावरून अखंड घोषणा चालू असते की अशा तरुणांच्या मागे जाऊ नका, फसवणूक होते. बाहेरगावचा माणूस या दोन्ही आवाजांत सापडून गोंधळतो. लोणावळ्याच्या माणसाला मात्र त्या तरुणाकडे पाहून गहिवरून येते. जुन्या हमरस्त्यावर किल्ल्या नाचवत ‘बंगला, साहेब, बंगला, पूलवाला’ म्हणत गाडीच्या काचेशी येणारे त्याच्या वर्गातलेच असतात. बोलल्या दराचा आणि बिलाचा संबंध काय, हे त्याला कोणी सांगायला नको. त्याने नुसती मान हलवून पुढे जावे. व्यवसायबंधूचा वेळ घेऊ नये.

शेजारीच गोल्डन गाई नावाची गल्ल्यांची जाळी आहे. दोनशेहून जास्त मद्यालये, एकेकात पाच-सात माणसांनी खांद्याला खांदा लावून बसायचे. सकाळची पुणे लोकल केलेल्यांना जागा ऐसपैस वाटेल.

नाचायचे असेल तर खुशाल नाचावे. हे सांगावे लागते, कारण १९४८ च्या एका कायद्यामुळे जपानात क्लबांत मध्यरात्रीनंतर नाचायला बंदी होती आणि ती उठली २०१६ साली. मधल्या काळात काही ठिकाणी ‘नाचू नये’ अशा पाट्या असत. २००५ पासून डान्सबारची बंदी, निकाल, पुन्हा कायदा, पुन्हा निकाल असा खेळ पाहिलेल्या महाराष्ट्रीय माणसाला यात नवल वाटू नये. रस्त्यावर उभे राहून पिणे मात्र शिबुयात २०२४ च्या ऑक्टोबरपासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच मना आहे. आणि प्यायलेल्या चालकाच्या गाडीत तो प्यायला आहे हे माहीत असून बसलात, तर चालकाबरोबर तुम्हीही गुन्हेगार. जुन्या घाटातून मित्राच्या भरवशावर आलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

शेवटची गाडी गेलीच तर टॅक्सी आहे. रात्री दहा ते पहाटे पाच तिचे भाडे वीस टक्के चढे असते. दार आपोआप उघडते, हात लावू नये.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबापाशी जाऊन कालच्या रात्रीबद्दल आभार मानावेत. साहेब काल रडला, हे बोलू नये.

परतफेड

दोन वर्षे सरतात. तुम्ही परत येता आणि काही महिन्यांत तोच साहेब कारखाना बघायला तळेगावात अवतरतो. आता त्याला रात्र दाखवायची पाळी तुमची. तुम्ही म्हणता, शनिवारी लोणावळ्याला जाऊ. मार्गदर्शनाची खरी गरज इथून पुढे आहे.

तो हॉटेलच्या दाराशी ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी उभा असेल. ‘निघालोच’ हा शब्द त्याला पाठवू नये; तो खरा मानतो. वाटेत तो विचारील की किती वाजता पोहोचू. शनिवारी संध्याकाळी जुन्या हमरस्त्यावर असताना या प्रश्नाला आकड्यात उत्तर देणारा माणूस मावळात अजून जन्मायचा आहे. त्याचे लक्ष डोंगराकडे वळवावे. कार्ल्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकटात राहणाऱ्या यवनांनी खांबांसाठी दान दिले आणि नावे कोरून ठेवली, हे सांगावे. परदेशात पोटापाण्याला आलेल्या माणसांनी वर्गणी भरून नाव लावून घेतले, हे ऐकून तो गाडीत बसल्या बसल्या वाकून नमस्कार करील. तोवर गाडी कार्ल्याच्या फाट्यावरून एका ट्रकच्या लांबीइतकी पुढे सरकलेली असेल.

प्यायला बसण्याआधी परवाना. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, आणि एका दिवसाचाही मिळतो. आपल्यापैकी फार थोड्यांनी तो डोळ्यांनी पाहिला आहे. साहेबाला हे चुकूनही सांगू नये. सांगितलेत तर तो परवाना हातात येईपर्यंत पेल्याला शिवणार नाही, आणि मिळाल्यावर घड्या न पाडता पाकिटात घालून मायदेशी नेईल. दहा वाजता शेजारच्या बंगल्यातला डीजे बंद होईल, कारण रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, असा २००० सालचा नियम आहे, असेही ठामपणे सांगू नये. साहेब दहाला कान टवकारतो. तोंडघशी पडता तुम्ही.

पेल्याबाबत विशेष जपावे. आपली रीत अशी की बाटली पाहुण्यापुढे ठेवायची आणि म्हणायचे, घ्या ना साहेब, लाजू नका. तो लाजत नसतो. तो तुमच्या भरण्याची वाट पाहत असतो. तुमचा पेला त्याने एव्हाना तीनदा भरलेला असतो, त्याचा कोरडा असतो, आणि समोर भरलेली बाटली. असा तासभर बसलेला माणूस आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. यजमान नंतर म्हणत होते, साहेब फारच कमी घेतात हो.

जेवण शक्यतो घरी ठेवावे, पण मामीला आधी समजावून. साहेब पानातला भात शेवटच्या शितापर्यंत संपवतो, कारण त्याच्या आईने त्याला तसे वळण लावले आहे. रिकामे पान दिसले की मामी वाढते, कारण तिच्या आईने तिला तसे वळण लावले आहे. वाढले की तो संपवतो. संपले की ती वाढते. हे आपोआप थांबत नाही. चौथ्या वाढपाला साहेबाच्या कपाळावर घाम दिसतो आणि मामीच्या चेहऱ्यावर समाधान. तुम्ही त्याच्या कानात सांगावे की चमचाभर भात तसाच ठेवा. तो तुमच्याकडे अशा नजरेने पाहील, जणू तुम्ही त्याला चोरी करायला सांगितली. शिवाय मामीने इंद्रायणीच्या पांढऱ्या मुदीवर आमटी ओतू नये. वाटी शेजारी ठेवावी. तो भात त्याला कोराच हवा असतो, आणि पहिला घास घेऊन तो जो हुंकार देतो त्यासाठी साऱ्या आळीने दारात उभे राहावे.

जेवणानंतर लायन्स पॉइंट. धुक्यात दरी दिसणार नाही. काळजी नको, न दिसणारा डोंगर पाहायला जाण्याची त्याला फुजीमुळे सवय आहे. भाजलेले कणीस घेऊन द्यावे. खाऊन झाल्यावर तो बुरकूंडा हातात धरून कचऱ्याची पेटी शोधू लागेल. ‘टाका हो इथेच, सगळे टाकतात’ हे वाक्य गिळावे. सगळे टाकतात हे त्याला दिसतेच आहे. तो बुरकूंडा रुमालात गुंडाळून खिशात घालील आणि हॉटेलवर नेईल. गाडीत तुमच्याही हातात तुमचा बुरकूंडा असेल, आणि तो कुठे टाकावा हे तुम्हाला घरी पोहोचेपर्यंत कळणार नाही.

राहता राहिली चिक्की. प्रवासाहून परतताना कचेरीसाठी त्या गावचा खाऊ नेणे जपानात जवळजवळ कायद्याइतके सक्तीचे आहे, आणि लोणावळ्याहून हात हलवत न परतणे आपल्याकडे. या एका बाबतीत दोन्ही राष्ट्रांचे पूर्वीपासून एकमत आहे. फक्त तो किलोत मागणार नाही. तो बोटांवर आपल्या विभागातली माणसे मोजील आणि सांगेल, सव्वीस. दुकानदार म्हणेल, सव्वीस काय? इथे तुम्ही मध्ये पडावे. प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवता येईल अशा सुट्या गुंडाळलेल्या वड्या काढायला सांगाव्यात. शेंगदाण्याचे नाव वेष्टनावर ठळक असल्याची खात्री करावी. जपानात पाकिटावर लिहिणे सक्तीचे असलेल्या अ‍ॅलर्जीच्या जिनसांत शेंगदाणा आहे. निवृत्तीला आलेल्यांसाठी राजगिऱ्याची घ्यावी, दातांना सोपी.

आणि दुकानदाराने नमुना म्हणून पुढे केलेला तुकडा साहेबाच्या हाती पडू देऊ नये. फुकट खाल्ले आणि घेतले नाही, हे त्याच्याने होत नाही. तिळाचा तुकडा खाल्ला की तिळाची घेईल, काजूचा खाल्ला की काजूची, खोबऱ्याचा खाल्ला की खोबऱ्याची. दुकानदाराच्या हे दुसऱ्या तुकड्यालाच लक्षात येते, आणि त्या रांगेत दुकाने पुष्कळ आहेत.